डेटाबेसचं पहिलं पुस्तक कसं निवडावं

डेटाबेसवरची पुस्तकं चाळायला घेतली की एकाच नावाखाली चार वेगळे विषय सापडतात. एक पुस्तक एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, लिहायला शिकवतं. दुसरं टेबलं कशी आखायची ते सांगतं. तिसरं डेटाबेसचं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते उलगडतं, तर चौथं एखाद्या विशिष्ट उत्पादनाची उभारणी आणि देखभाल शिकवतं. मुखपृष्ठावर मात्र चारही ठिकाणी 'परिचय', 'संकल्पना', 'मूलतत्त्वं' असेच शब्द असतात. मग ज्याला अहवाल काढायचे असतात तो बी-ट्रीच्या (शोध जलद करणाऱ्या रचनेच्या) प्रकरणात अडकतो आणि ज्याला परीक्षेत नॉर्मलायझेशन (पुनरुक्ती टाळण्यासाठी टेबलं फोडणं) सोडवायचं असतं त्याच्या हातात नुसते सिलेक्टचे, म्हणजे माहिती मागणाऱ्या आज्ञेचे, दोनशे नमुने येतात.

खालच्या क्रमाने गेलात तर निवडीला फार वेळ लागत नाही. तिसरी पायरी सगळ्यात कामाची आहे. घाई असेल तर तेवढी तरी कराच.

पायरी १: आधी काम ठरवा

'पुस्तक संपल्यावर मला काय करता यायला हवं?' याचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. ते बहुधा पुढच्या तीनपैकी एका प्रकारात बसतं.

आहे त्या डेटाबेसमधून माहिती काढायची, अहवाल बनवायचे, आकडे पडताळायचे असतील, तर तुम्हाला फक्त एसक्यूएलचं पुस्तक हवं. तीनशे-चारशे पानांचं, भरपूर सराव असलेलं आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी जो डेटाबेस आहे त्याच्याच बोलीत लिहिलेलं. हजार पानांचं पाठ्यपुस्तक इथे अंगावर येतं आणि त्यातली साताठशे पानं कामाला येत नाहीत.

स्वतः अ‍ॅप्लिकेशन बनवायचं असेल किंवा अभ्यासक्रमात हा विषय असेल, तर पाठ्यपुस्तकच घ्या. टेबलांची आखणी, एसक्यूएल, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आणि ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणाऱ्या बदलांचा गट) हे चारही भाग एकमेकांना जोडून सांगणारं दुसरं काही नाही. या लेखाचा बराचसा भाग याच वाचकासाठी आहे.

डेटाबेस इंजिन कसं बनतं हेच शिकायचं असेल, तरी सुरुवात पाठ्यपुस्तकापासूनच करा, फक्त त्याच्या उत्तरार्धाकडे लक्ष ठेवून निवडा. इंजिनवरची खास पुस्तकं जॉईन (टेबलं जोडणं) काय, ट्रान्झॅक्शन काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतात.

उत्पादनाची अधिकृत कागदपत्रं पहिलं पुस्तक म्हणून वाचू नयेत. पोस्टग्रेस या डेटाबेसची कागदपत्रं उत्तम आहेत, पण ती शोधून बघण्यासाठी लिहिलेली आहेत. शेजारी उघडी ठेवायला ती हवीतच.

पायरी २: तुमची तयारी किती, ते बघा

एसक्यूएलसाठी जवळपास काहीच पूर्वतयारी लागत नाही. संच, छेद, संयोग हे शाळेतलं गणित आठवत असेल तर पुष्कळ झालं. आखणीच्या भागात 'याची किंमत ठरली की त्याची ठरते' अशा नियमांवर तर्क चालवावा लागतो, तो सरावाने जमतो. खरी अडचण उत्तरार्धात येते. इंडेक्सचं प्रकरण समजायला ट्री आणि हॅशिंग माहीत हवं. ट्रान्झॅक्शनचं प्रकरण समजायला दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालले तर त्यांच्या पायऱ्या कशाही क्रमाने मिसळतात, ही कल्पना पक्की हवी. डेटा स्ट्रक्चर अजून शिकला नसाल, तर पूर्वार्ध वाचा, मध्ये तो विषय उरका आणि मग परत या. पुस्तक बदलून ही उणीव भरून निघत नाही.

पायरी ३: चार ठिकाणी पुस्तक उघडून बघा

अनुक्रमणिका पाहून निवड करणं व्यर्थ आहे, कारण सगळ्यांच्या अनुक्रमणिका सारख्याच असतात. शेवटच्या पानांवरची शब्दसूची काढा आणि पुढची चार ठिकाणं शोधा. छापील प्रत असो वा नमुना पानं, दोन्हीकडे हे जमतं.

पहिलं ठिकाण: नल. किंमत माहीत नाही किंवा लागू नाही, हे दाखवायला एसक्यूएलमध्ये नल असतो आणि नवख्यांच्या निम्म्या चुका त्यातूनच होतात. 'तुलनेत नल आला की उत्तर खरंही नसतं, खोटंही नसतं, अज्ञात असतं' एवढं तर सगळेच लिहितात. चांगलं पुस्तक त्यापुढे जाऊन त्याचा परिणाम दाखवतं. उदाहरणार्थ, कर्मचाऱ्यांचं एक टेबल आहे आणि त्यात प्रत्येकाच्या वरिष्ठाचा क्रमांक आहे. सर्वोच्च पदावरच्या व्यक्तीला वरिष्ठ नाही, म्हणून तिथे नल. आता 'ज्यांच्या हाताखाली कोणीच नाही असे कर्मचारी' हवेत. सहज सुचणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अशी: ज्याचा क्रमांक वरिष्ठ क्रमांकांच्या यादीत नाही, म्हणजे 'नॉट इन', असे सगळे द्या. उत्तर येतं: एकही ओळ नाही. एरर नाही, इशारा नाही, रिकामा निकाल.

कारण असं. वरिष्ठांची यादी १, २ आणि नल अशी आहे समजा. कर्मचारी क्रमांक ५ यादीत नाही हे ठरवताना डेटाबेस ५ वेगळा १ पासून, वेगळा २ पासून आणि वेगळा नलपासून, अशा तीन अटी 'आणि'ने जोडतो. पहिल्या दोन खऱ्या, तिसरी अज्ञात. तिन्ही मिळून अज्ञात. व्हेअरची अट फक्त खरी ठरलेली ओळ पुढे सोडते, म्हणून ५ गळतो आणि त्याच न्यायाने बाकीचेही सगळे गळतात. उपाय म्हणजे 'नॉट एग्झिस्ट्स' वापरणं किंवा आतल्या क्वेरीत नल वगळणं. नॉट इन आणि नल यांची ही गाठ ज्या पुस्तकात कुठेच सापडत नाही, त्याचा एसक्यूएलचा भाग वरवरचा आहे असं खुशाल समजा.

दुसरं ठिकाण: इंडेक्सचा खर्च. 'इंडेक्समुळे शोध जलद होतो' असं एक वाक्य आणि ट्रीची एक आकृती देऊन पुढे सरकणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. तुम्हाला आकडेमोड करणारं हवं. एका टेबलात १० लाख ओळी, प्रत्येक ओळ २०० बाइटची, पेज, म्हणजे डिस्कवरून एका वेळी वाचला जाणारा तुकडा, ८ केबीचं. एका पेजवर साधारण ४० ओळी बसतात, म्हणजे टेबल २५,००० पेजचं झालं. इंडेक्स नसताना एक ओळ शोधायला वाईटात वाईट ही सगळी पेजं वाचावी लागतात. बी प्लस ट्रीच्या (इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेच्या) एका नोडमध्ये २०० नोंदी मावतात असं धरलं, तर तीन पातळ्यांत ८० लाख नोंदी सामावतात. मग आपल्या ओळीपर्यंत पोचायला तीन पेजं ट्रीची आणि एक टेबलाचं, अशी चारच वाचनं पुरतात.

इथपर्यंत ठीक. पण त्याच इंडेक्सने १० टक्के, म्हणजे १ लाख ओळी काढायच्या असतील आणि त्या टेबलभर विखुरलेल्या असतील, तर वाईटात वाईट १ लाख पेजवाचनं होतात. अख्खं टेबल वाचायला २५,००० च लागली असती. शिवाय विखुरलेली वाचनं सलग वाचनापेक्षा महाग. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये अशा एका वाचनाचा खर्च ४ आणि सलग वाचनाचा १ धरलेला असतो. म्हणून इंडेक्स असूनही डेटाबेस कधीकधी तो वापरत नाही, आणि ते बरोबरच असतं. हा हिशेब पुस्तकात असेल, आकडे कोणतेही असोत, तर उत्तरार्ध भरवशाचा आहे.

तिसरं ठिकाण: एकाच ओळीवर दोन ट्रान्झॅक्शन. गोदामात एका वस्तूचे १०० नग आहेत. पहिलं ट्रान्झॅक्शन १०० वाचतं, दुसरंही १०० वाचतं. पहिलं ३० वजा करून ७० लिहितं आणि कमिट करतं, म्हणजे बदल पक्का करतं. दुसरं आपल्याजवळच्या जुन्या १०० मध्ये ५० मिळवून १५० लिहितं. खरा आकडा १२० हवा होता. ३० नगांची विक्री हिशेबातून नाहीशी झाली. या प्रकाराला 'लॉस्ट अपडेट' म्हणतात. पुस्तकाने अशा घटना ओळीने, दोन रकान्यांच्या वेळापत्रकात मांडून दाखवायला हव्यात आणि कोणत्या आयसोलेशन पातळीला (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची, त्या पातळीला) काय थांबतं ते सांगायला हवं.

इथे एक बारकावा आहे, तो तपासा. पुस्तकी व्याख्येत 'रिपीटेबल रीड' पातळी लॉकच्या भाषेत समजावलेली असते. प्रत्यक्षात त्याच नावाची पातळी वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये वेगळी वागते. वरचा प्रयोग पोस्टग्रेसमध्ये या पातळीवर केला तर दुसरं अपडेट एरर देऊन थांबतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये हीच पातळी मूळ सेटिंग असूनही तेच अपडेट बिनतक्रार पार पडतं आणि १५० लिहिलं जातं. पोस्टग्रेसची मूळ पातळी 'रीड कमिटेड' आहे. तिच्यावरही १५० च मिळतात. 'स्नॅपशॉट आयसोलेशन' (ट्रान्झॅक्शनला डेटाचं एकाच क्षणाचं चित्र दाखवणं) आणि अनेक आवृत्त्या ठेवण्याची पद्धत, म्हणजे एमव्हीसीसी, यांवर चार पानंही नसतील, तर पुस्तक आजच्या डेटाबेसचं वर्तन समजावू शकणार नाही.

चौथं ठिकाण: नॉर्मलायझेशन. व्याख्यांची माळ आहे की आखणी चुकली तर काय बिघडतं ते आहे, हे बघा. एक खूण सांगतो. विद्यार्थी, विषय, शिक्षक असं टेबल घ्या, जिथे एक शिक्षक एकच विषय शिकवतो आणि एका विद्यार्थ्याला एका विषयाला एकच शिक्षक असतो. हे टेबल तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये (आखणीच्या चढत्या कसोट्यांपैकी एकीत) बसतं, पण त्याहून कडक बॉइस-कॉड फॉर्ममध्ये नाही. आणि ते फोडलं तर दुसरा नियम कोणत्याही एका टेबलात तपासता येत नाही. अशा जातीचं उदाहरण असलेलं पुस्तक 'नेहमी वरचा फॉर्म गाठा' असला सरधोपट सल्ला देत नाही.

पायरी ४: स्वाध्याय आणि डेटा

एकट्याने शिकणाऱ्यासाठी उत्तरं नसलेले स्वाध्याय निम्म्या किमतीचे. विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा: काही स्वाध्यायांची उत्तरं तरी खुली आहेत का, पुस्तकातली टेबलं डेटासकट उतरवून घेता येतात का, आणि संपूर्ण पुस्तकभर एकच नमुना डेटाबेस वापरलाय का. तिसरी गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. दर प्रकरणात नवी टेबलं आली की वाचकाची अर्धी शक्ती टेबलांची नावं लक्षात ठेवण्यातच जाते.

पायरी ५: नावानिशी निवड

सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स': ठरवता येत नसेल तर हे घ्या. सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. तेराशेच्या वर पानं आहेत. विद्यापीठाचा एक नमुना डेटाबेस बराच भाग साथ देतो. पुस्तकाच्या संकेतस्थळावर त्याची टेबलं, छोटा आणि मोठा असा दोन आकारांचा डेटा आणि सराव-स्वाध्यायांची उत्तरं मोफत मिळतात. लक्षात ठेवा, उत्तरं 'सराव' म्हणून वेगळ्या दिलेल्या स्वाध्यायांचीच आहेत, नंतरच्या स्वाध्यायांची नाहीत. पाचव्या आवृत्तीपर्यंत मुख्य उदाहरण बँकेचं होतं. जुनी प्रत हाती आली तर नवा डेटा तिच्याशी जुळणार नाही. या पुस्तकाचा दोष म्हणजे ते सगळंच सांगायला जातं, आणि नवख्याला काय सोडावं ते कळत नाही. त्याचा क्रम पुढच्या पायऱ्यांत दिला आहे.

एल्मासरी आणि नवाथे यांचं 'फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टिम्स': आखणी हा तुमचा मुख्य विषय असेल तर हे. ईआर आकृती (वस्तू आणि त्यांचे संबंध दाखवणारी) काढणं आणि तिच्यावरून टप्प्याटप्प्याने टेबलं बनवणं यावर इतका निवांत वेळ देणारी पुस्तकं थोडी. कर्मचारी, विभाग, प्रकल्प असा एका कंपनीचा नमुना त्यात आहे. भाषा पसरट आहे.

रामकृष्णन आणि गर्के यांचं 'डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम्स': इंजिनाची ओढ असणाऱ्यांसाठी. खलाशी, होड्या आणि आरक्षणं या तीन छोट्या टेबलांवर जॉईनच्या प्रत्येक पद्धतीचा खर्च पेजवाचनांत मोजून दाखवलाय. वर सांगितलेली दुसरी परीक्षा हे पुस्तक सहज पास होतं. विषम क्रमांकांच्या स्वाध्यायांची उत्तरं खुली आहेत. पण तिसरी आवृत्ती २००० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. त्यामुळे एसक्यूएल दुसरीकडून शिका.

गार्सिया-मोलिना, उलमन आणि विडम यांच्या 'द कम्प्लीट बुक'ची दुसरी आवृत्ती २००८ ची. रिलेशनल अल्जिब्रा (टेबलांवरच्या क्रियांचं गणित) आणि नॉर्मलायझेशनची मांडणी नेटकी, गणिताची सवय असलेल्याला आवडेल अशी.

सी. जे. डेट यांचं 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टिम्स' नावात परिचय असूनही पहिलं पुस्तक म्हणून देऊ नये. विचार धारदार आहेत, पण लेखकाला एसक्यूएल मंजूर नाही, नल तर मुळीच नाही, आणि हा वाद काय आहे हे कळायला आधी एसक्यूएल येत असावं लागतं.

पायरी ६: आवृत्ती जुनी असेल तर

या विषयात काय शिळं होतं आणि काय होत नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांच्या रूपात बघण्याची पद्धत, १९७० मध्ये मांडलं. बायर आणि मॅकक्राइट यांचा बी-ट्रीवरचा लेख १९७२ चा, चेन यांची ईआर पद्धत १९७६ ची, रिकव्हरीची, म्हणजे बिघाडानंतर डेटा सावरण्याची, एरीज पद्धत १९९२ ची. वीस वर्षं जुन्या पुस्तकातही हे भाग तितकेच उपयोगी आहेत.

शिळं होतं ते एसक्यूएल. रिकर्सिव्ह क्वेरी (स्वतःचाच निकाल पुन्हा वापरणाऱ्या) १९९९ च्या मानकात आल्या, विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून गटागटाने हिशेब करणारी) २००३ च्या. पण मानकात येणं वेगळं आणि तुमच्या डेटाबेसात येणं वेगळं: मायएसक्यूएलमध्ये या दोन्ही गोष्टी २०१८ च्या ८.० आवृत्तीत आल्या. त्याआधीची मायएसक्यूएलवरची पुस्तकं 'प्रत्येक विभागातले पहिले तीन' यासारख्या साध्या प्रश्नालाही वळसे घालून उत्तर देतात. ते वळसे आता शिकू नका. हार्डवेअरचं प्रकरणही जुनं होतं. फिरत्या डिस्कच्या आकड्यांवर आधारलेले निष्कर्ष एसएसडीला तसेच्या तसे लागू पडत नाहीत. २००० च्या आसपासच्या पुस्तकांत एक्सएमएल आणि ऑब्जेक्ट डेटाबेसवर जाडजूड प्रकरणं असतात, ती बिनधास्त सोडा.

थोडक्यात, स्वतःसाठी शिकत असाल तर एक आवृत्ती मागची वापरलेली प्रत चालते. अभ्यासक्रमात क्रमांक देऊन स्वाध्याय नेमले जात असतील तर मात्र नेमकी तीच आवृत्ती घ्या. क्रमांक बदलतात, आणि एकाच आवृत्तीच्या दोन बाजारपेठांसाठी काढलेल्या प्रतींतही ते वेगळे असू शकतात.

पायरी ७: सोबत कोणता डेटाबेस लावायचा

डेटाबेस न लावता हे पुस्तक वाचणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं. पुस्तक कोणतंही असो, पोस्टग्रेस लावा. तो मोफत आहे, मानकाच्या जवळ आहे आणि क्वेरी कशी चालवणार याचा आराखडा वाचता येईल असा दाखवतो.

एसक्यूलाइट लावायला सर्वांत सोपा, एका फाइलमध्ये सगळा डेटाबेस. पण शिकताना तो तीन ठिकाणी गोंधळात टाकतो. फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमची तपासणी, त्यात मुळात बंद असते. प्रत्येक जोडणीत प्राग्मा ही आज्ञा देऊन ती चालू करावी लागते, नाहीतर अस्तित्वात नसलेल्या विभागाचा कर्मचारी निमूट नोंदला जातो आणि वाचकाला वाटतं पुस्तकच चुकलं. आकड्याच्या कॉलममध्ये अक्षरं टाकली तरी तो सहसा घेतो. आणि एका वेळी एकाच जोडणीला लिहिता येत असल्याने ट्रान्झॅक्शनचे प्रयोग त्यात रंगत नाहीत.

पुस्तकातली क्वेरी चालली नाही, तर टंकलेखनाची चूक नाही ना हे बघून पुढची कारणं तपासा:

- ग्रुप बायमध्ये (ओळींचे गट पाडणाऱ्या भागात) नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये आहे. जुन्या मायएसक्यूएलवर लिहिलेल्या पुस्तकांत हे सर्रास दिसतं. तो त्यातली कुठलीही एक किंमत दाखवून मोकळा व्हायचा. ५.७ पासून मूळ सेटिंगमध्ये एरर येते. पोस्टग्रेसही हे नाकारतो, ग्रुप बाय प्रायमरी कीवर (प्रत्येक ओळ ओळखणाऱ्या कॉलमवर) असेल तर मात्र चालवून घेतो.
- पहिल्या काही ओळी मागण्याची रीत: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइटमध्ये लिमिट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप, मानकात फेच फर्स्ट.
- दोन उभ्या रेघा. मानकात आणि पोस्टग्रेसमध्ये त्या मजकूर जोडतात. मायएसक्यूएलमध्ये मूळ सेटिंगला त्यांचा अर्थ 'किंवा' होतो आणि नावाऐवजी ० किंवा १ हाती येतो.
- ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर म्हणजेच नल. बाकीच्यांत नाही.
- चेक अट टाकली, तरी चुकीची किंमत आत गेली. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी ही अट वाचली जायची आणि सोडून दिली जायची.

पायरी ८: कुठून कुठे वाचायचं

सिल्बरशॅट्झच्या सातव्या आवृत्तीचा क्रम देतो. बाकी पुस्तकांत प्रकरणांची नावं पाहून तोच लावा.

पहिलं प्रकरण एका बैठकीत वाचून सोडून द्या. दुसरं रिलेशनल मॉडेलचं. त्यातला अल्जिब्रा वगळू नका, कारण पंधराव्या-सोळाव्या प्रकरणात क्वेरीचे आराखडे त्याच भाषेत येतात. तिसरं आणि चौथं म्हणजे एसक्यूएल. इथे वाचण्याच्या दुप्पट वेळ टंकण्यात जायला हवा. पाचव्यातला विंडो फंक्शन आणि रिकर्शनचा भाग घ्या, ट्रिगर वगैरे नंतर. मग सहावं आणि सातवं, आखणीचं. सातव्यातल्या चौथ्या नॉर्मल फॉर्मपाशी थांबलात तरी चालेल.

आठ ते अकरा पहिल्या वाचनात सोडा. बाराव्यावर नजर फिरवा, तेरावं आणि चौदावं नीट वाचा. चौदावं, म्हणजे इंडेक्स, झालं की एक प्रयोग कराच: पोस्टग्रेसमध्ये जनरेट सीरीज वापरून १० लाख ओळींचं टेबल बनवा, एका कॉलमवर शोध घेणारी क्वेरी एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ (आराखडा आणि लागलेला वेळ दाखवणारी आज्ञा) लावून चालवा, मग इंडेक्स बनवा, टेबलावर अ‍ॅनलाइझ चालवा आणि तीच क्वेरी पुन्हा बघा. सीक्वेन्शियल स्कॅनच्या (अख्खं टेबल वाचण्याच्या) जागी इंडेक्स स्कॅन दिसायला हवा. हाच प्रयोग पुस्तकातल्या वीस ओळींच्या टेबलावर केला तर काहीच बदलत नाही, आणि पुष्कळ जण इथे 'इंडेक्स चालत नाही' म्हणून तासन्‌तास घालवतात. वीस ओळी एकाच पेजवर असतात. ते पेज सरळ वाचणं ट्रीतून जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पंधराव्यातल्या जॉईनच्या तीन पद्धती, नेस्टेड लूप, मर्ज आणि हॅश, कागदावर आकडे घेऊन सोडवा. सोळावं वरवर. सतरावं ट्रान्झॅक्शनचं आणि अठरावं त्यांच्या नियंत्रणाचं: दोन खिडक्या शेजारी उघडून गोदामाचा प्रयोग आधी मूळ पातळीवर, मग रिपीटेबल रीडवर करा. अठराव्यातला टू-फेज लॉकिंग आणि स्नॅपशॉट आयसोलेशन एवढा भाग पुरे. एकोणिसावं रिकव्हरीचं, त्यातलं लॉग आधी लिहायचं तत्त्व समजलं की एरीजचे तपशील गरज पडेल तेव्हा. वितरित डेटाबेसची प्रकरणं आत्ता नकोत.

हे वाचन चालू असताना दुसरं पाठ्यपुस्तक आणू नका. एखादं प्रकरण डोक्यावरून गेलं, तर तेवढ्याच प्रकरणासाठी ग्रंथालयातून दुसरं बघा. जॉईनच्या खर्चासाठी रामकृष्णन, ईआरसाठी एल्मासरी. एक गोष्ट मात्र सांभाळा: चिन्हं बदलतात. एका पुस्तकात पेजसंख्येसाठी वापरलेलं अक्षर दुसऱ्यात ओळींच्या संख्येसाठी असू शकतं, आणि दोन पुस्तकांतली सूत्रं मिसळली की उत्तर हजारपट चुकतं.

पायरी ९: पुढचं पुस्तक कधी

जॉईन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन न बघता लिहिता येऊ लागले, एखाद्या कामाची दहा-बारा टेबलं कारणांसह आखता आली आणि क्वेरीचा आराखडा वाचून ती कुठे अडते ते सांगता आलं, की पाठ्यपुस्तकाचं पहिलं वाचन झालं. इथून वाटा फुटतात. अनेक यंत्रांवर पसरलेल्या डेटाकडे जायचं असेल तर मार्टिन क्लेपमन यांचं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स'. ते २०१७ पासून इतकं गाजलंय की लोक तेच पहिलं पुस्तक म्हणून सुचवतात. पण एका यंत्रावरचं ट्रान्झॅक्शन पक्कं नसेल तर त्यातला मधला मोठा भाग नुसत्या वर्णनासारखा वाचला जातो. हाताने इंजिन बांधायचं असेल तर एडवर्ड शोरी यांचं 'डेटाबेस डिझाइन अँड इम्प्लिमेंटेशन' घ्या. जावा येत असेल तर त्यात एक छोटा डेटाबेस पायरीपायरीने उभा राहतो. स्टोरेजच्या खोलात अलेक्स पेट्रोव्ह यांचं 'डेटाबेस इंटर्नल्स' नेतं, पहिला अर्धा भाग बी-ट्री आणि लॉग-स्ट्रक्चर्ड रचनांवर, दुसरा वितरित यंत्रणांवर. क्वेरी ऑप्टिमायझर त्यात नाही, तो भाग पाठ्यपुस्तकाच्या सोळाव्या प्रकरणातूनच वाचावा लागतो.